तळी कोणी विकली, घरे कोणाची पडली?

हैदराबादेतील मासाब टँक या वस्तीत आज तळे नाही. कुतुबशाहीच्या काळात माँसाहेबांच्या नावाने ओळखला जाणारा जलाशय तेथे होता. तो आटला, बुजला, आणि नाव तेवढे मागे उरले. मुंबईच्या धोबी तलावात तलाव नाही आणि गवालिया टँकचे मैदान होऊन शतक लोटले. बंगळूरचे मध्यवर्ती बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागी उभे आहे आणि तेथील कंठीरव क्रीडागार संपंगी तळ्याच्या जागी. भारतीय नगरांच्या वाढीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तळी गिळण्याचा इतिहास आहे, आणि त्यातील पहिला घास सरकारांनी व नगरपालिकांनी स्वतःच घेतला आहे. तळ्यांच्या रक्षणाचा झेंडा खांद्यावर घेऊन आज जे राज्यकर्ते बुलडोझरसह रस्त्यावर उतरले आहेत, त्यांना या इतिहासाची आठवण करून देणे अगत्याचे आहे.

तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा स्थापन केली. आपत्तिनिवारण आणि सरकारी मालमत्तेचे संरक्षण अशी दुहेरी कामगिरी तिच्याकडे सोपविण्यात आली आणि हैदराबादच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यापर्यंतचा सारा प्रदेश तिच्या अखत्यारीत आला. ऑगस्ट २०२४ मध्ये माधापूर भागातील तम्मिडिकुंटा तळ्याच्या काठावरील, एका नामवंत चित्रपट अभिनेत्याच्या मालकीचे भव्य सभागृह तिने जमीनदोस्त केले, तेव्हा सामान्य माणसाने टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या समजण्यासारख्या होत्या. धनवंताच्या भिंतीलाही कायद्याचा हात लागू शकतो, हे दृश्य या देशात दुर्मिळ आहे. परंतु पुढच्याच महिन्यात तेच बुलडोझर सुन्नम चेरुवू आणि नल्ला चेरुवूच्या काठच्या पत्र्याच्या शेडांवर आणि लहानसहान घरांवर चालून गेले. भांडीकुंडी व मुलांची पुस्तके उपसणाऱ्या बायका वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या, आणि टाळ्या थांबल्या.

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. तळी वाचवायची की माणसांची घरे वाचवायची, असा तो मांडला जातो. असा मांडणे हीच पहिली लबाडी आहे.

तळे म्हणजे काय?

दख्खनच्या पठारावरील तळी ही निसर्गाची देणगी नव्हे, ती मानवी श्रमाची निर्मिती आहे. उतारावर आडवा बांध घालायचा, पावसाळ्याचे पाणी अडवायचे, आणि भरून वाहणारे पाणी सांडव्यावाटे खालच्या तळ्यात सोडायचे, अशी ही साखळी शतकानुशतके खपून उभी केली गेली. हुसेनसागर सोळाव्या शतकातला आहे. अशा साखळीतील एक तळे बुजविले की त्याच्या वाट्याचे पाणी खालच्या तळ्यावर, त्याच्या जीर्ण बांधावर आणि अखेर बांधाखालच्या वस्तीवर येऊन आदळते. पाण्याला खरेदीखत वाचता येत नाही. ते आपल्या जुन्या वाटेनेच जाते.

हैदराबादला हे दोनदा कळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात हजारो माणसे वाहून गेली; उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या एका झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोकांनी प्राण वाचविले, अशी स्मृती शहर आजही जपते. त्या विध्वंसानंतर निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. वरच्या अंगाला पाणी अडविल्याशिवाय शहर सुरक्षित होणार नाही, हा त्यांचा सल्ला मानला गेला आणि १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्या संस्थानाच्या राजधानीची ही कथा आहे. लोकांना कसलाही अधिकार नसलेल्या सरंजामी राजवटीने पुरानंतर दोन जलाशय बांधले. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांनी त्याच जलाशयांचे काय केले, तेही पाहिले पाहिजे.

मार्च १९९६ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा शासनादेश काढून या दोन जलाशयांभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना मनाई केली. ८४ गावे त्या आदेशाखाली आली. निर्बंधांना सर्वोच्च न्यायालयाचेही पाठबळ मिळाले. मग जमिनीचे भाव चढले, निर्बंधित गावांत बड्या लोकांची शेतघरे उठली, आणि एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ६९ क्रमांकाचा आदेश काढून ते निर्बंध उठविण्याचे ठरविले. एकाच राज्यात दोन वर्षांच्या अंतराने जलाशयाच्या भोवतालचा मोठा परिसर बांधकामाला मोकळा करण्याचा आदेश निघतो आणि तळ्याच्या काठची झोपडी पाडणारी यंत्रणाही जन्माला येते. सरकारे बदलली, जमिनीचा व्यापार करणारा वर्ग तोच राहिला.

दुसरा धडा ऑक्टोबर २०२० मधला. एका रात्रीच्या अतिवृष्टीने शहर बुडाले, जुन्या शहराच्या दक्षिणेकडील पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटले आणि खालच्या गरीब वस्त्यांत पाणी छातीपर्यंत चढले. त्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी वरची तळी विकली नव्हती. तळी विकणारे उंचावर सुरक्षित होते.

हद्द कोठे आहे?

तळ्याची हद्द कोणती, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वास्तविक साऱ्या लुटीचे मूळ त्यात आहे. तळे काठोकाठ भरले असता पाणी जेथवर पोचते ती त्याची पूर्ण संचय पातळी. ती रेषा हीच तळ्याची खरी सीमा. २०१२ च्या बांधकाम नियमांनुसार दहा हेक्टरांच्या वरील तळ्यांसाठी त्या रेषेपासून ३० मीटर आणि त्याहून लहान तळ्यांसाठी ९ मीटर पट्टा मोकळा राहिला पाहिजे. नियम स्पष्ट आहे. पण रेषा कोठे आहे? हैदराबाद महानगर प्रदेशात तळ्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. त्यांपैकी अनेकांच्या हद्दीची केवळ प्राथमिक अधिसूचना निघाली आणि अंतिम अधिसूचना वर्षानुवर्षे रखडली. उच्च न्यायालयाला त्यासाठी सरकारला वारंवार टोचावे लागले.

ही दिरंगाई निष्पाप नाही. हद्द अनिश्चित असली की सगळ्यांचे फावते. जमीन विकणारा सांगतो की हे तळे नव्हेच. पाटबंधारे खाते म्हणते की महसूल खात्याला विचारा, आणि महसूल खाते नगररचना खात्याकडे बोट दाखविते. शिवाय त्या भागात ‘शिकम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनींचा गुंता आहे. तळ्याच्या पोटातील या जमिनीवर पाणी ओसरल्यावर पीक काढण्याचा खाजगी हक्क असतो. घर बांधण्याचा नसतो. पण कागदावर खाजगी मालकीचे नाव दिसले की दलालाला तेवढे पुरते. तो तिचे तुकडे पाडतो आणि पगारदार कारकुनाला, रिक्षावाल्याला, किरकोळ दुकानदाराला ते विकतो.

या विक्रीची नोंद सरकारी कचेरीत होते. मुद्रांक शुल्क सरकार घेते. पुढे घरपट्टी नगरपालिका घेते, विजेचे मीटर वीज मंडळ बसविते, पाण्याची जोडणी मिळते, बँक कर्ज देते आणि निवडणुकीच्या आधी रस्त्याचे भूमिपूजनही होते. इतक्या सरकारी मोहरा उमटल्यानंतर एका रविवारी सकाळी बुलडोझर येतो आणि घरमालकाला सांगण्यात येते की तुम्ही पाण्यात राहत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अमीनपूर परिसरातील एका पाडकामाबद्दल तेलंगण उच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला होता : सुटीच्या दिवशी, माणसाला न्यायालयाचे दार ठोठावायलाही वेळ न देता, ही घाई कशासाठी? पुढे माणसे राहत असलेली घरे पाडणार नाही, असे यंत्रणेला जाहीर करावे लागले. पण सप्टेंबरमध्येच मुसीकाठच्या घरांवर सर्वेक्षणाची लाल अक्षरे उमटली होती. ज्याच्या भिंतीवर ते अक्षर उमटले, त्याला जाहीर आश्वासनांवर झोप लागत नाही.

कायद्याची पळवाट

१९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने बुलडोझरशाहीला वेसण घालणारा निर्णय दिला : किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसहित आदेश, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी. लोकशाहीवाद्यांनी या निर्णयाचे स्वागत केले, ते योग्यच होते. मात्र त्याच निर्णयात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी व जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही.

रस्त्याच्या मध्यावर उभ्या केलेल्या टपरीपुरता हा अपवाद समजू शकतो. तळ्याच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ भयावह होतो. घर जलाशयात आहे की बाहेर, हाच तर वादाचा मुद्दा आहे. आणि हद्दीची अंतिम अधिसूचना निघालेलीच नसेल, तर त्याचे उत्तर पाडणारी यंत्रणाच देणार. म्हणजे जिने नोटीस द्यायची तीच ठरविणार की नोटीस द्यायची गरज आहे की नाही. न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत हे बसत नाही. हद्द अंतिम झाल्याशिवाय हा अपवाद वापरता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे.

‘कागद तपासून घ्या’

अशा प्रत्येक पाडकामानंतर शहाण्यांचा एक सल्ला ठरलेला असतो : घर घेण्यापूर्वी कागद तपासून घ्यावेत. सल्ला बरोबर आहे. घर घेणाऱ्याने जुने महसुली उतारे आणि गावनकाशा पाहावा, तळ्याच्या हद्दीचा नकाशा मागावा, मंजूर आराखडा व भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये. इमारत किती जुनी, तिची संरचनात्मक तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. एवढे जो करील तो अनेक संकटांतून वाचेल.

पण जो हे सारे करतो त्याचेही संरक्षण होत नाही, हे कल्याण-डोंबिवलीने दाखवून दिले. तेथे बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची नोंदणी स्थावर संपदा प्राधिकरणाकडे करण्यात आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक पाहून घर घेणाऱ्या कुटुंबाने आणखी काय तपासायला हवे होते? जे प्राधिकरणाला ओळखता आले नाही, ते गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या माणसाने ओळखावे काय? नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवरील ४१ इमारती २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे उघड्यावर आली. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसे मेली. कोठे इमारत सरकार पाडते, कोठे ती आपली आपण पडते. दोन्ही ठिकाणी ढिगाऱ्याखाली येणारा वर्ग एकच असतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातही छिद्रे आहेत. मालकी सदोष निघाल्यास विकसकाने भरपाई द्यावी आणि त्या दाव्याला मुदतीचे बंधन नसावे, असे त्याचे १८ वे कलम सांगते. तरतूद उत्तम. परंतु ५०० चौरस मीटरांपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतूनच सूट आहे, आणि तळ्याकाठची बेकायदा बांधकामे बहुधा याच मापाची असतात. मालकीहक्काच्या विम्याची तरतूद १६ व्या कलमात आहे. ती राज्य सरकारने अधिसूचना काढल्यावर लागू व्हायची. विमा कंपनी स्वतःचा पैसा पणाला लावण्यापूर्वी जमिनीचा इतिहास उकरून काढते, म्हणून ही तरतूद अमलात येणे विकसकांना गैरसोयीचे आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मीरतच्या एका प्रकरणात आदेश दिला की पूर्णत्वाचे वा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत, बँकांनी ते पडताळल्याशिवाय कर्ज देऊ नये, आणि मंजूर आराखडा बांधकामाच्या जागी लावून ठेवावा. हे आदेश प्रत्येक नगरपालिकेने काटेकोर पाळले, तर बुलडोझरची गरज निम्म्याने कमी होईल.

महाराष्ट्राने या प्रकरणी हैदराबादकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्या बुडाल्या. तलावाच्या सांडव्यापुढे उभारलेले स्मारक हे कोणा झोपडीवासीयाचे अतिक्रमण नव्हते. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने माणसे नेली. आणि जून २०२१ मध्ये, भर पावसाळ्यात, ओढ्याकाठच्या गरिबांची घरे पाडायला पालिका निघाली. ओढ्याची वाट अरुंद करणाऱ्या सोसायट्यांच्या सीमाभिंतींबद्दल तेवढी तत्परता दिसली नाही.

डाव्यांनीही आरशात पाहावे

येथे समाजवादी चळवळीनेही स्वतःला एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. गरिबांच्या घरांच्या रक्षणासाठी लढताना प्रत्येक ‘नियमितीकरणा’ला पाठिंबा देण्याची सवय चळवळीला लागली. महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा आला. नंतर २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकविण्यात आली. तेलंगणातही दंड भरून बांधकामे व भूखंड नियमित करून घेण्याच्या योजना पुनःपुन्हा निघाल्या. त्यातून काही गरिबांना छप्पर टिकविता आले, हे खरे. पण पुढची मुदत येणारच, हा भरवसाही भूमाफियाला मिळाला. त्या भरवशावरच तो आजचे तळे उद्याच्या झोपडीवासीयाला विकतो आणि मोर्चाच्या पुढे त्यालाच ढाल म्हणून उभे करतो. या व्यापाराला अजाणता का होईना हातभार लावणे, हे गरिबांचे रक्षण नव्हे.

म्हणून तळी मोकळी झालीच पाहिजेत. ती होऊ शकतात. हैदराबादच्या अंबरपेठ भागातील बतुकम्मा कुंटा हे बुजलेले तळे उकरून सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा पाण्याने भरलेले लोकांनी पाहिले, आणि त्याचे श्रेय ‘हायड्रा’ला द्यायला हरकत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आज सर्वांत दुबळ्या माणसापासून सुरुवात होते आणि सर्वांत प्रबळ माणसापाशी पोचण्यापूर्वी न्यायालयाची स्थगिती येते. हा क्रम उलटा केला पाहिजे.

प्रथम प्रत्येक तळ्याची पूर्ण संचय पातळी ठराविक मुदतीत अंतिम करावी, तेथे दगड रोवावेत आणि नकाशा वॉर्डाच्या कचेरीत सर्वांना दिसेल असा लावावा. त्या रेषेच्या आतील प्रत्येक गटाचा व सर्व्हे नंबरचा समावेश नोंदणीस मनाई असलेल्या यादीत करावा, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या टेबलावरच व्यवहार थांबेल. त्यानंतर विकणारा, आराखडा मंजूर करणारा आणि कर्ज देणारा, या तिघांकडून बुडालेल्या कुटुंबाची भरपाई वसूल करावी; ती होईपर्यंत सरकारने आपल्या खजिन्यातून द्यावी, कारण मुद्रांक शुल्क त्यानेच घेतले आहे. रिकामी बांधकामे, सभागृहे, शेतघरे व महाविद्यालयांच्या इमारती आधी हटवाव्यात. राहती घरे सर्वांत शेवटी, आणि तीही कामधंद्यापासून, शाळेपासून फार दूर नसलेले पर्यायी घर हातात दिल्यानंतर. शहराच्या टोकाला नेऊन टाकलेल्या घराची किल्ली म्हणजे पुनर्वसन नव्हे. ज्याची मजुरीच बुडाली तो महिन्याभरात ती किल्ली विकून परत तळ्याकाठी येतो.

शेवटी सरकारने स्वतःपासून प्रारंभ करावा. हुसेनसागराच्या काठाला भराव घालून रस्ते, उद्याने व स्मारके कोणी केली, हे हैदराबादच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. जे सरकार स्वतःचा भराव मोजायला तयार नाही, त्याला दुसऱ्याच्या ओट्याची उंची मोजण्याचा नैतिक अधिकार नाही.

तळे हे सर्वांचे असते, म्हणूनच ते विकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ज्यांनी ते विकले त्यांची नावे खरेदीखतांवर आहेत, मंजुरी देणाऱ्यांच्या सह्या आराखड्यांवर आहेत, शुल्काच्या पावत्या सरकारच्या दप्तरात आहेत. बुलडोझर धाडण्यापूर्वी ते दप्तर उघडा. पुढचा पाऊस कोणाचीही वाट पाहणार नाही.